कोव्हेंट्रीचं विरजण

हाताशी दहा मिनिटं आहेत आणि विषय दीडशे वर्षांचा आहे, तेव्हा प्रस्तावना नाही. ट्राय म्हणजे काय, स्क्रम कसा लागतो, हे मागच्या भाषणांत होऊन गेलं. ज्यांनी ती ऐकली नाहीत त्यांनी आज नुसती गोष्ट ऐकावी.

गोष्ट कोव्हेंट्री रग्बी क्लबाची. इंग्लंडच्या मध्यभागातलं, पूर्वी वॉरिकशायरमध्ये असलेलं हे कारखान्यांचं गाव. क्लब निघाला १८७४ साली. मला त्याच्याविषयी एकच मुद्दा सांगायचा आहे, आणि तो मी दोन-तीनदा सांगणार आहे, कारण रेडिओ ऐकता ऐकता माणूस कुकरच्या शिट्ट्याही मोजत असतो.

मुद्दा असा. रात्री दही लावायचं तर आधी सकाळच्या दह्यातलं चमचाभर बाजूला काढलेलं असावं लागतं. पाहुणे आले, वाटीवर वाटी वाढली, वाहवा झाली आणि विरजण काढायचं राहिलं, की दुसऱ्या दिवशी दूध असतं, पातेलं असतं, पण दही नसतं. कोव्हेंट्री क्लबाचा सगळा इतिहास मला या चमचाभर विरजणाचा इतिहास वाटतो. चषक किती जिंकले ते कोणीही सांगेल. विरजण कोणी काढून ठेवलं, ते कोणी विचारत नाही.

आता दूध कुठलं ते पाहा. कोव्हेंट्री म्हणजे आधी घड्याळं, मग सायकली, मग मोटारी. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आपल्याकडची स्टँडर्ड हेरल्ड गाडी आठवत असेल. मद्रासला तयार व्हायची, पण तिचं मूळ घराणं कोव्हेंट्रीचं. जग्वारही तिथलीच, आणि २००८पासून ती मुंबईच्या टाटा मोटर्सच्या मालकीची आहे. तर अशा कारखान्यांच्या गावात तीसच्या दशकात वेल्समधून आणि उत्तरेकडून कामाच्या शोधात माणसं आली, आणि वेल्सचा माणूस बिऱ्हाडाबरोबर रग्बीही घेऊन येतो. एरवी इंग्लंडात हा खेळ श्रीमंतांच्या निवासी शाळांचा मानला जाई. इथे तो साध्या शाळांतही रुजला. शाळा सुटलेल्या पोरांनी आपापल्या शाळेच्या, आपापल्या वस्तीच्या नावाने छोटे क्लब काढले. बार्कर्स बट्स घ्या, ब्रॉडस्ट्रीट घ्या. तिथे चमकलेला मुलगा मोठ्या क्लबाकडे, म्हणजे काउंडन रोडला जायचा. १९२१ ते २००४ ही त्र्याऐंशी वर्षं क्लबाचं मैदान काउंडन रोडला होतं, आगगाडीच्या रुळांजवळ.

त्याआधी, पहिल्या महायुद्धाच्या थोडं अगोदर, खेळ हौशी असताना खेळाडूंना चोरून पैसे देण्यावरून इथे मोठं वादळ झालं होतं, आणि १९१० ते १९१३ या काळात गावात नॉर्दर्न युनियनचा, म्हणजे पैसे देऊन खेळवणाऱ्या वेगळ्या रग्बी संघटनेचा, एक व्यावसायिक संघही उभा राहून मोडला. ते प्रकरण फार रंगतदार आहे, पण त्यात शिरलो तर मुद्दा राहील.

मुद्दा विरजणाचा. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी कोव्हेंट्री भाजून काढली. कॅथीड्रलच्या नुसत्या भिंती उरल्या. पण कारखान्यांत लढाईचं सामान तयार होत होतं, त्यामुळे पुष्कळ कामगार गावातच राहिले, आणि युद्धाच्या वर्षांतही क्लब खेळत राहिला. अशा दिवसांत कोणी कोणाला चषक देत नसतं. तरीही शनिवारी पंधरा माणसं जमवायची आणि मैदानावर गोलचे खांब नीट उभे आहेत की नाहीत ते पाहायचं, याला मी विरजण राखणं म्हणतो. ती माणसं कोण होती? त्यांची नावं कुठल्या पाटीवर फारशी सापडत नाहीत.

आणि मग बघा दही कसं लागलं! १९५८ ते १९६५ या आठ वर्षांत वॉरिकशायरने काउंटी चॅम्पियनशिप सात वेळा जिंकली. फक्त १९६१ हुकलं. संघ काउंटीचा असला तरी त्याचा कणा कोव्हेंट्री क्लबाचा. त्यातला पीटर जॅक्सन हा विंगर. १९५८ साली लंडनच्या ट्विकनम मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी कडेकडेने झुकांड्या देत गेला आणि त्याने ट्राय नोंदवला. इंग्लंड ९-६ने जिंकलं. आपल्याकडचे कबड्डीचे जुने प्रेक्षक तो ट्राय पाहते तर उभे राहिले असते, एवढं नक्की.

जॅक्सननंतर डेव्हिड डकहम. कोव्हेंट्रीतच जन्मला, तिथल्याच किंग हेन्री आठवा शाळेत शिकला, तिथेच खेळला. सोनेरी केसांचा, उंच, आणि पळताना असा काही अंग चुकवायचा की समोरचा माणूस रिकाम्या जागेला मिठी मारायचा. इंग्लंडकडून छत्तीस कसोट्या खेळला. जानेवारी १९७३मध्ये कार्डिफला बार्बेरियन्स संघाने न्यूझीलंडला हरवलं त्या सामन्यात तो असा खेळला की वेल्सच्या लोकांनी त्याला आपल्यातलाच ठरवून डेव्हिडऐवजी वेल्श तऱ्हेने ‘डाय’ म्हणायला सुरुवात केली. वेल्समध्ये इंग्रज माणसाला याहून मोठा मान नाही. २०२३च्या जानेवारीत तो वारला.

त्याच वर्षी, १९७३मध्ये, कोव्हेंट्रीने ट्विकनमवर ब्रिस्टलला २७-१५ असं हरवून देशाचा नॉकआउट चषक घेतला. पुढच्या वर्षी लंडन स्कॉटिशला २६-६ असं हरवून पुन्हा घेतला. आणि मधल्या सप्टेंबरात इंग्लंडने ऑकलंडला जाऊन न्यूझीलंडला १६-१० असं हरवलं, तेव्हा इंग्लंडच्या मागच्या फळीतल्या चार थ्री-क्वार्टरांपैकी तीन कोव्हेंट्रीचे होते. डकहम, पीटर प्रीस आणि जेफ इव्हान्स. एका कारखान्याच्या गावाचे तीन! पुन्हा सांगतो, चारांतले तीन.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. बहुतेक लेखक थांबतातच. त्यांच्यावर माझा थोडा राग आहे तो याचसाठी. वाट्या भरभरून वाढल्या जात होत्या तेव्हा विरजण काढून ठेवायला कोणी उठलं का?

मला वाटतं, पुरेसं कोणी उठलं नाही. क्लबाची समजूत अशी झाली असावी की गावच्या शाळा आहेतच, पोरं येतच राहतील. पण ऐंशीच्या दशकात मोटारींचे कारखाने मिटायला लागले. ट्रायम्फचा कॅन्लीचा कारखाना बंद झाला, अल्फ्रेड हर्बर्टसारखी यंत्रांची जगप्रसिद्ध कंपनी बुडाली. पाठोपाठ १९८७ साली इंग्लंडात लीग सुरू झाली. तोवर मोठे क्लब आपापसांत ठरवून खेळत, आणि जुन्या नावावर चांगले सामने मिळत. आता गुण मोजले जाऊ लागले. पहिल्याच हंगामात लेस्टर विजेते ठरले, आणि कोव्हेंट्री, हो, दोनदा चषक जिंकलेली कोव्हेंट्री, सेलबरोबर खालच्या गटात घसरली. लीग वाईट असं मी म्हणत नाही. लीगने खेळ सुधारला. पण लीगमध्ये वरच्या क्लबाला वरचे खेळाडू मिळतात आणि खालच्याला… असो. घड्याळ पाहतो आहे.

मधल्या वर्षांतली एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. विरजण संपलेलं नव्हतंच! २००३चा विश्वचषक इंग्लंडने सिडनीत जिंकला, त्या संघातला फ्लँकर नील बॅक हा कोव्हेंट्रीत जन्मलेला, बार्कर्स बट्सच्या मैदानावर घडलेला. पण तो खेळला नॉटिंगहॅमकडून आणि मग लेस्टरकडून. डॅनी ग्रूकॉक हा उंच लॉक कोव्हेंट्रीचाच, काही काळ क्लबाकडून खेळलाही. १९९५ साली खेळ व्यावसायिक झाला, १९९७मध्ये वरच्या गटात जाण्याच्या लढतीत क्लब लंडन आयरिशकडून हरला, आणि ग्रूकॉक सॅरेसन्सकडे गेला. पुढे टॉम वुड. तोही त्याच गावचा, त्याच बार्कर्स बट्सचा. इंग्लंडकडून खेळला, पण नॉर्थॅम्प्टनचा म्हणून. म्हणजे बघा, विरजण इथलं, दही मात्र शेजारणीच्या पातेल्यात लागत होतं. शेजारीण चोर नाही. तिचं दूध कोमट होतं, आपल्या चुलीत जाळ नव्हता.

२००४मध्ये काउंडन रोड सोडून क्लब बट्स पार्कला आला. पुढे पैशाची मोठी अडचण आली, आणि २०१०मध्ये क्लब तिसऱ्या पातळीवर घसरला.

आणि मग आला तयार दह्याचा डबा. लंडनचा वास्प्स, १८६७चा क्लब, दोनदा युरोपचा विजेता, २०१४ साली लंडनजवळचं हाय विकम सोडून कोव्हेंट्रीच्या मोठ्या स्टेडियमवर राहायला आला. पहिल्या सामन्याला अठ्ठावीस हजारांवर माणसं. स्टेडियमची कंपनीच त्यांनी विकत घेतली. पुढच्या वर्षी रोखे विकून साडेतीन कोटी पौंडांचं कर्ज उभारलं. लोक म्हणाले, आता गावच्या जुन्या क्लबाची गरज काय? डबा फोडला की वाढायचं! ऑक्टोबर २०२२मध्ये वास्प्सचं दिवाळं निघालं आणि कोव्हेंट्रीतलं त्यांचं बिऱ्हाड मोडलं. आनंद मानण्यासारखं यात काही नाही. कित्येक माणसांच्या नोकऱ्या एका सकाळी गेल्या. त्याच शरद ऋतूत वूस्टर क्लबही बुडाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात लंडन आयरिश. तोच लंडन आयरिश, ज्याने १९९७ला कोव्हेंट्रीची वाट अडवली होती.

आणि जुना क्लब? तो २०१८ला आपला गट जिंकून दुसऱ्या पातळीवर परतला होता. वास्प्स आले तेव्हा तो बट्स पार्कला खेळत होता, आणि गेले तेव्हाही तिथेच खेळत होता. तिकीटघरात बसणारी, रेषा आखणारी, लहान पोरांना रविवारी सकाळी थंडीत पळवणारी बिनपगारी माणसं होती म्हणून. तिसऱ्यांदा सांगतो, कुकर बंद करा आणि ऐका. चषक आणणाऱ्यांनी क्लब तारला नाही, विरजण राखणाऱ्यांनी तारला.

मुलींच्या रग्बीविषयी बोलायचं होतं, कारण उद्याचं विरजण बहुधा तिथे आहे, पण काचेपलीकडून हात वर झालेला दिसतो.

एवढंच सांगून थांबतो. तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं, भाच्या, पुतणे कोव्हेंट्रीत नाहीतर जवळच्या वॉरिक विद्यापीठात शिकत असतील. आज रात्री फोन कराल तेव्हा त्यांना सांगा, शनिवारी मोकळा वेळ असेल तर बट्स पार्कला जा, स्टेशनपासून चालत जाता येतं. तिकीट काढूनच आत जा, फुकट्या पासाची वशिलेबाजी करू नका. आणि रविवारी सकाळी लवकर जाग आलीच, तर बार्कर्स बट्सच्या मैदानावर लहान मुलांचा सामना बघायला जा.