कुलूप कुणी लावलं?



संगणकावर एखाद्या संस्थेचा पत्ता आपण साधा लिहितो. सुरुवातीला 'एचटीटीपी', पुढे नाव. एंटर दाबताच त्या 'एचटीटीपी'ला आपोआप एक 'एस' चिकटतो. पान मात्र उघडत नाही. 'ही जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा येतो. आपण 'एस' खोडतो, तो परत येतो. मग कुणीतरी जाणकार सांगतो, "सुरक्षा बंद करून टाका." या सल्ल्याविषयीच मला आज बोलायचं आहे.

साधं एचटीटीपी म्हणजे पोस्टकार्ड. वाटेत ज्याच्या हाती पडेल तो ते वाचू शकतो, त्यातला मजकूर बदलूही शकतो. एचटीटीपीएस म्हणजे चिकटवलेलं आंतर्देशीय पत्र. पण पत्ता लिहिताना आपण 'एस' लिहीत नाही, आणि तिथेच फट राहते. मॉक्सी मार्लिनस्पाइक या संशोधकाने २००९ साली ती फट जगाला दाखवली. वाटेत बसलेला माणूस आपल्याला उघड्या रस्त्यावरच ठेवतो, पलीकडे बँकेशी मात्र स्वतः सुरक्षित बोलतो. दोन्हीकडे कुणाला काही कळत नाही.

त्यावर उपाय म्हणून २०१२ साली 'एचएसटीएस' नावाचा नियम आला. संकेतस्थळ पहिल्या सुरक्षित भेटीतच ब्राउझरला सांगतं, "यापुढे माझ्याकडे याल ते सुरक्षित वाटेनेच." किती दिवस, तेही सांगतं, आणि तेही सेकंदांत. ३,१५,३६,००० सेकंद म्हणजे पुरतं एक वर्ष. ब्राउझर हा शब्द पाळतो. इतका, की एरवी इशाऱ्याखाली दिसणारी 'तरीही पुढे जा' ही पळवाटसुद्धा तो ठेवत नाही.

म्हणजे हा 'एस' बहुतेक वेळा बिघाड नसतो, दिलेला शब्द असतो. तो कुणी दिला, एवढं शोधायचं.

आधी तेच पान खाजगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोत उघडून पाहा. तिथे 'एस' चिकटला नाही, तर गोष्ट ब्राउझरच्या आठवणीतली आहे. त्या एका संकेतस्थळाचा साठवलेला डेटा पुसा. फायरफॉक्समध्ये इतिहासाच्या यादीत ते संकेतस्थळ विसरून जाण्याची सोयच आहे. सगळा इतिहास पुसायची गरज नाही.

खाजगी खिडकीतही तेच झालं, तर सेटिंग पाहा. फायरफॉक्सने २०२० मध्ये 'फक्त एचटीटीपीएस' असा पर्याय दिला. क्रोम २०२१ पासून, पत्त्याआधी काही लिहिलं नाही तर, आधी सुरक्षित वाटच धरतं. काही नावं तर ब्राउझरच्या पोटातल्या यादीतच असतात. 'डॉट डेव्ह'ने संपणारी सगळी नावं डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमने अशी सक्तीची केली. आपल्याच संगणकावर कामापुरती ती नावं वापरणाऱ्या प्रोग्रामरांची तेव्हा चांगलीच धावपळ झाली. त्यांना नावं बदलावी लागली.

इशारा आलाच, तर संगणकाचं घड्याळही पाहा. तारीख चुकली की चांगलं प्रमाणपत्रही मुदत संपलेलं वाटतं.

स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायची गंमत वेगळी. त्याला आपल्याला आधी स्वतःच्या लॉगिन पानावर न्यायचं असतं आणि ब्राउझर सुरक्षित पत्र फोडू देत नाही. अशा वेळी फोनच्या वायफाय यादीत 'साइन इन' दिसतं, तिथून जावं. बँकेचं पान उघडून इशारा ओलांडायचा प्रयत्न तिथे कधीच करू नये.

आणि 'एस'बरोबर पत्त्यातलं नावच बदललं, भलतंच दुकान उघडलं, तर तो शब्द पाळणं नव्हे. तिथे ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शनं तपासा. अनोळखी असेल ते काढून टाका.

हे सगळं करूनही इशारा राहिला, तर दोष बहुधा पलीकडे आहे. संस्थेने प्रमाणपत्राचं नूतनीकरण केलेलं नसतं. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१५ पासून प्रमाणपत्रं विनामूल्य देते, तेव्हा पैशांची सबबही उरत नाही. त्या कार्यालयाला फोन करा आणि सांगा. आपल्या घरातली कडी काढून शेजाऱ्याचं गंजलेलं कुलूप उघडत नसतं.