मॅडम सुट्टीवर आहेत



जुन्नरला बोलायला बोलावलंत, पण सुरुवात शेजारच्या आंबेगाव तालुक्यातून करते. तिथल्या एका खासगी शाळेत मी तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. पगार दोन-दोन महिने अडकायचा, म्हणून दिवाळीनंतर नोकरी सोडली. संस्थेने बजावलं, ‘मुलांना काही सांगू नका, पालक उगाच गडबडतात.’ मी ऐकलं. शेवटच्या दिवशी वर्गाला ‘उद्या भेटू’ म्हणून निघाले.

दीड महिन्याने मंचरच्या बाजारात एका मुलीची आई भेटली. ‘मॅडम, तब्येत बरी आहे ना आता?’ मला कळेना. शाळेने सांगितलं होतं, मॅडम आजारपणाच्या सुट्टीवर आहेत. तोवर माझ्या जागी एक बाई येऊन गेल्या होत्या, दुसऱ्या नुकत्याच लागल्या होत्या. आई म्हणाली, ‘पोरगी म्हणते, माझे पाढे चुकले म्हणून मॅडम येत नाहीत.’

सुट्टीचं शाळेने सांगितलं, पण ‘उद्या भेटू’ तर मीच म्हणाले होते ना.

शिक्षक नोकरी सोडतात, यात गुन्हा काही नाही. तुटपुंज्या पगारावर काम करणारी तरुण मुलं-मुली पवित्र पोर्टलच्या यादीकडे डोळे लावून बसलेली असतात. नाव लागलं की जातात. जावंच त्यांनी. शाळेला मात्र वाटतं, हे बाहेर कळलं तर पुढच्या वर्षीचे प्रवेश कमी होतील. म्हणून लपवाछपवी. पण वही तर घरीच येते. हस्ताक्षर बदललेलं आईला दिसतं, आणि मग गावात जे बोललं जातं ते खऱ्यापेक्षा वाईट असतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत लपवायला जागा कमी. गुरुजींची बदली झाली की निरोप समारंभ होतो, पोरं रडतात, सगळ्या गावाला कळतं. आता या बदल्या ऑनलाइन होतात. तिथं प्रश्न वेगळा: गेलेले दिसतात, त्यांच्या जागी कोण आणि कधी, हे पालकांना कोणी बसवून सांगत नाही. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या बाजूला, किंवा जुन्नरच्या पश्चिमेकडे डोंगरातल्या वाड्यांवर शाळा दोन शिक्षकांच्या. एक गेला की पहिली ते चौथी एकट्याच्या गळ्यात.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो की सरकारी आणि अनुदानित शाळांत रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावीत. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी म्हणजे सरळ ५० टक्के! याच कायद्याने शालेय व्यवस्थापन समिती दिली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कागदावर आपल्या किती अम्मी आणि फुफी सदस्य आहेत! सही मागायला रजिस्टर घरी येतं, तेवढीच त्यांची समिती. ‘किती पदं मंजूर, किती भरलेली’ हा प्रश्न त्यांनी बैठकीत विचारून इतिवृत्तात लिहून घेतला, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाताना हातात कागद असतो.

आता थोडं अवघड बोलते. आपल्याच लोकांनी चालवलेल्या संस्थांचं काय? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं की हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका घेऊन विषय मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांसमोर ठेवला. पुढे काय व्हायचं ते होईल. अल्पसंख्याक संस्थांना मिळालेलं स्वातंत्र्य मला मोलाचं वाटतं. पण ते संस्थेला बाहेरच्या हस्तक्षेपापासून मिळालंय, मुलांच्या आईबापांना उत्तर देण्यापासून नाही. ‘कौम की शाळा आहे, बदनामी नको’ असं म्हणून प्रश्न दाबला जातो, तेव्हा मला पाढे चुकलेली ती मुलगी आठवते.

खरं तर शाळेने फार काही करायचं नाही. एक चिठ्ठी: अमुक मॅडम या तारखेपासून शाळा सोडत आहेत, त्यांच्या जागी या येतील, गणित अमुक धड्यापर्यंत झालंय. शिक्षक का गेले, हे त्यांचं खासगी. ते विचारू नका. आणि जाणाऱ्याला वर्गाचा निरोप घेऊ द्या.

हे तुम्हाला सांगतेय, कारण धाकट्या भावंडांच्या पालक सभेला घरातून तुम्हीच जाता. अब्बा कामावर, अम्मीला वाटतं आपल्याला बोलता येणार नाही. पुढच्या सभेला अम्मीला सोबत न्या. जाण्याआधी मोबाइलवर युडायसच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकून बघा, शिक्षक किती दाखवलेत ते दिसतं. केंद्रीय बोर्डाची शाळा असेल तर शिक्षकसंख्या तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असायलाच हवी. मग घरी भावाला विचारा, वर्गावर खरंच कोण येतं.

त्या आईला मी बाजारात उभ्या उभ्या खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘हे पोरीला तुम्हीच सांगा.’ दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले.