शून्य घातांक आणि कागदाची घडी



सातवी-आठवीच्या वर्गात घातांकांचा पाठ सुरू झाला म्हणजे पहिली चूक ठरलेली असते. २ चा ३ रा घात विचारला की विद्यार्थी ६ हे उत्तर देतो. ही चूक भयंकर नव्हे. २ × २ × २ अशी मांडणी फळ्यावर दोन-चार वेळा केली की ती नाहीशी होते. खरी अडचण पुढेच आहे. शून्याखेरीज कोणत्याही संख्येचा घातांक शून्य असता किंमत १ येते, हा नियम विद्यार्थी वहीत उतरून घेतो. मनात मात्र म्हणतो की, २ एकदाही घेतले नाहीत, तर उत्तर शून्य यावयास हवे. हा तर्क वेडगळ नाही. नियमाच्या जोरावर त्याला गप्प बसविले, तर गणित म्हणजे हुकूम पाळणे, अशी त्याची समजूत होऊन बसते आणि ती पुढे बीजगणितात फार महाग पडते.

यावर जुन्या वर्तमानपत्राचे एक पान पुरेसे आहे. ते मुलाच्या हाती द्यावे. एकदा मधोमध घडी घातली की पदर २ होतात, दुसऱ्या घडीस ४, तिसऱ्या घडीस ८. घड्यांची संख्या हा घातांक, पदरांची संख्या ही किंमत. (सातव्या घडीस १२८ पदर व्हावयाचे असतात, तेथवर पोचणे किती कठीण, हे मुलांना आपल्या मनगटानेच कळते.) आता तीन घड्यांचा कागद एकेक घडी उलगडीत आणावा : ८, ४, २. शेवटची घडी उलगडली की घड्या शून्य. पदर किती? एक. कागद काही नाहीसा झालेला नाही! एवढे पाहिल्यावर विद्यार्थी नियम स्वतःच सांगतो.

ऋण घातांकही याच कागदात आहे. तीन घड्यांनंतर वरून दिसणारा चौकोन मूळ पानाच्या १/८ असतो. पदर २ चा घातांक ३ घेऊन वाढले, तर आकार घातांक उणे ३ घेऊन घटला. दोहोंचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज शून्य येते, म्हणजे पुन्हा एक पूर्ण पान. घातांक ऋण असला तरी किंमत ऋण नसते, ती १/८ असते, हेही येथेच दाखवून द्यावे.

यानंतर पाया १० घ्यावा. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र येथपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत, प्रत्येक स्थान मागच्याच्या दहापट. परार्धाचा घातांक किती, असे वर्गात विचारावे. बहुतेक मुले १८ म्हणतील. उत्तर १७ आहे. कारण पहिले स्थान ‘एक’ याचा घातांक शून्य. घातांक उजवीकडे वर लहान अंकाने लिहिण्याची आजची रीत देकार्त या फ्रेंच गणितज्ञाच्या १६३७ सालच्या भूमितिग्रंथाने रूढ केली.

वैज्ञानिक संकेतनात १ किंवा त्याहून मोठी, पण १० हून लहान संख्या घेऊन तिला १० च्या घाताने गुणावयाचे असते. सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर, म्हणजे १.५ गुणिले १० चा ८ वा घात. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ३ गुणिले १० चा ५ वा घात. भागाकार केला की ०.५ गुणिले १० चा ३ रा घात येतो. येथे बरीच मुले ०.५ चे ५ करतात आणि घातांक ३ तसाच ठेवतात. तो २ झाला पाहिजे. उत्तर ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे २० सेकंद.

उत्तरपत्रिका तपासताना अशी चूक किरकोळ धरू नये. वरील अंतरात १.५ ऐवजी १.४ लिहिले, तर फरक पंधरा भागांत एक भागाचा पडतो. घातांक ८ ऐवजी ९ लिहिला, तर पृथ्वी सूर्यापासून जवळजवळ शनीइतकी दूर जाऊन बसते.