बियाण्याच्या पिशवीवरील इंग्रजी
(जालना जिल्ह्यातील गावकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आमची मुले हल्ली इंग्रजीचे अवघड शब्द घोकतात. घोकोत बापडी, परीक्षेला लागतात! पण घरात आलेल्या बियाण्याच्या पिशवीवरचा शब्द त्याच मुलास विचारा, तो गप्प बसतो. आणि आम्ही तरी कोठे विचारतो?

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता व कचेरीत उर्दू चाले. आमच्या वाडवडिलांस ती लिपी येत नव्हती. तरी नक्कल, दाखला, कबुलायत हे शब्द त्यांनी अर्थासकट उचलले, कारण जमीन त्यांवर टिकत होती. आज आमचे पीक इंग्रजी शब्दांवर टिकले आहे.

२००२ साली बीटी कपाशीस सरकारची परवानगी मिळाली. पुढे ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमची लहान पुडी येऊ लागली. तिचे नाव 'रेफ्यूज', म्हणजे आसरा. आसरा कोणाला? बोंडअळीला! हसू नका. ही साधी कपाशी कडेने लावायची. तिच्यावर वाढलेले पतंग बीटी पचवलेल्या पतंगांशी जुगतात, म्हणून बीटीला न जुमानणारी अळी लवकर बळावत नाही. हा अर्थ कोणी समजावला नाही, आणि पुष्कळांनी पुडी बांधावर फेकली. २०१७ साली शेंदरी बोंडअळीने महाराष्ट्रात कपाशीची दाणादाण उडवली. कारणे इतरही होती, पण ही त्यांतली एक. हल्ली ते बी एकाच पिशवीत मिसळून देतात.

सोयाबीनच्या पिशवीवर 'जर्मिनेशन ७०' असते. म्हणजे उगवण : शंभर दाण्यांत निदान सत्तर उगवले पाहिजेत. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा व स्वतः मोजा. कमी निघाले तर पेरू नका. पावती व पिशवी जपून ठेवा, त्यांवाचून तक्रार कोणी ऐकत नाही.

औषधाच्या डब्यावर 'पॉयझन' म्हणजे विष, 'अँटिडोट' म्हणजे उतारा. त्रिकोण लाल असेल तर सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे विशेषतः बहिणींनी ध्यानात धरावे, कारण फवारणीचे कपडे त्याच धुतात. फवारताना कोणास भोवळ आली तर माणसाबरोबर डबाही दवाखान्यात न्यावा. डॉक्टरास औषधाचे नाव व उतारा त्यावरच सापडतो.