तीनशे बारा फोटो

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. पहिल्या रांगेत चित्रकलेच्या बाई बसल्या आहेत, त्यामुळे वेळ पाळणार.

आपल्या तुकडीने शाळेसाठी जो निधी जमवलाय, त्यातून डिजिटल वर्ग करायचा प्रस्ताव आहे. स्मार्ट बोर्ड, नवे संगणक, एसी. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून माझा पाठिंबा सगळ्यांनी गृहीतच धरलाय. तो नाही. का नाही, हे सांगायचं तर गेली दोन वर्षं मे महिन्यात आठवी-नववीच्या मुलांसाठी मी जी पाच दिवसांची कार्यशाळा घेते, तिच्याबद्दल बोलावं लागेल.

आधी एक जुनी गोष्ट. आपण नववीत असताना शाळेत दोन संगणक आले होते, आठवतंय? चपला बाहेर काढून, रांगेत, हात मागे बांधून आत जायचं. सर आच्छादन काढायचे, काहीतरी टाइप करून दाखवायचे आणि पुन्हा झाकून ठेवायचे. वर्षभरात माझं बोट त्या कीबोर्डला एकदाही लागलं नाही. इंजिनिअरिंगला पहिल्या प्रॅक्टिकलला मी घाम पुसत बसले होते. सरांचा दोष नव्हता. यंत्र महाग होतं, बिघडलं तर दुरुस्तीला नाशिकला न्यावं लागायचं.

गंमत म्हणजे पहिल्या वर्षी मीही तेच केलं. व्हिडिओ कसा करावा यावर चाळीस स्लाइड्स तयार करून आले. दुपारी एका मुलाने विचारलं, "मॅडम, आम्ही कधी करायचं?" स्लाइड्स तिथेच बंद केल्या.

मग ठरवलं, मोबाइलवर स्टॉप-मोशन करायचं. वस्तू थोडी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा थोडी हलवायची, पुन्हा फोटो. सेकंदाला बारा फोटो धरले तर हालचाल बऱ्यापैकी सलग दिसते. महागडं काही लागत नाही. आणि ही विद्या आपल्याकडे परकी नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, वाटाण्याचं रोप उगवताना एकेक चौकट टिपून छोटा चित्रपट केला होता. तो दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. पुढे आगकाड्या नाचवणारी फिल्मही केली. मुलांना हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, "त्यांना फोटो डिलीट करता येत होता का?" नव्हता, म्हटलं. वर्ग एकदम गप्प.

बावीस मुलं, सात फोन. पहिल्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की सातही फोन मुलग्यांच्या हातात आहेत. मुलींना नावांच्या पाट्या रंगवायला बसवलं होतं, 'अक्षर चांगलं आहे' म्हणून. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. घरी फोन भावाच्या हातात असतो, तसाच इथेही. दुसऱ्या दिवसापासून नियम केला: ज्याने फोन आणला त्याने पहिला फोटो काढायचा नाही, आणि दर चाळीस फोटोंनी हात बदलायचा. थोडी कुरकुर झाली. मला विचाराल तर दोन वर्षांत मी शिकवलेलं सगळ्यात कामाचं तेवढंच. बाकीचं मुलं आपसात शिकली. दोन विटांमध्ये फोन घट्ट बसवायचा, पडद्यावर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस लॉक करायचा, नाहीतर ढग आला की चित्र लुकलुकतं. आवाज खेळाच्या खोलीत गाद्यांच्या मध्ये बसून रेकॉर्ड करायचा, म्हणजे घुमत नाही.

आता त्या फिल्मबद्दल. नववीतल्या एका मुलीने घरून नऊ कांदे आणले. त्यांना स्केचपेनने डोळे काढले. कांदे चाळीतून निघतात, ओळीने बाजार समितीपर्यंत चालत जातात, तिथे भाव ऐकतात आणि आल्या वाटेने परत येतात. येताना आठच असतात. सव्वीस सेकंदांची फिल्म, म्हणजे तीनशे बारा फोटो. एकशे ऐंशीव्या फोटोला कुणाचा तरी पाय विटेला लागला आणि चौकट सरकली. मी म्हटलं, चालेल, पुढे जाऊ. ती म्हणाली, "नाही मॅडम, दिसतं ते." गटाने पहिल्यापासून काढली. ऑफिसमध्ये माझ्या टीममधल्या माणसांकडून हे करून घ्यायला मला तीन मीटिंगा लागतात.

लिलावाचा आवाज तिने स्वतःच काढला, हुबेहूब. भाव मात्र तिच्या वडिलांच्या खऱ्या पट्टीवरचा होता. शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं तेव्हा तेही आले होते. फिल्म संपल्यावर मुलं टाळ्या वाजवत होती आणि ते खाली बघत होते. बाहेर मला म्हणाले, "ताई, चांगलं केलंय पोरीनं. पण घरातलं असं गावभर नको." मी ती फिल्म दुपारीच आपल्या ग्रुपवर टाकणार होते. विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि मुलांना मी पाच दिवस 'डिजिटल कौशल्यं' शिकवत होते! त्या रात्री मुलीशी बोलले. तिने वडिलांशी बोलून ठरवलं: शाळेत दाखवायची, फोनवरून पुढे पाठवायची नाही. म्हणून या वर्षी कार्यशाळेचा पहिला तास त्यावरच होता: कुणाला काय विचारायचं आणि काय टाकायचं नाही. स्मरणिकेसाठी फिल्ममधला फोटो द्या असा निरोप मला दोनदा आला. दिला नाही, त्याचं कारण हे.

तर निधी. गेल्या खेपेच्या देणगीतले संगणक आहेत त्या खोलीला आजही कुलूप असतं. मी मे महिन्यात किल्ली मागितली तेव्हा ती मिळायला दोन दिवस गेले. मुख्याध्यापकांची अडचण मला कळते. एक माउस तुटला तरी कागद रंगवावे लागतात. म्हणून माझी सूचना अशी आहे: नवीन काही घेऊ नका. निधीचा एक भाग फक्त मोडतोडीसाठी बाजूला काढा आणि तसं लिहून द्या, म्हणजे खोली उघडी ठेवायला कुणी घाबरणार नाही. उरलेल्यातून गावातल्याच एखाद्या पदवीधर मुलीला मानधन देऊन दर शनिवारी तिथे बसवा. मी पुण्याहून वर्षातून पाच दिवस येते, त्याने फार काही होत नाही.

आणि घरात पडलेले जुने फोन द्या. कॅमेरा चालत असला की पुरे. द्यायच्या आधी तुमचे फोटो आणि खाती काढून टाका. चार्जरही आणा, गेल्या वेळी चौघांनी नुसतेच फोन दिले होते. जेवणाच्या वेळी मी खिडकीजवळच्या टेबलावर वही घेऊन बसते आहे, तिथे नाव लिहा.