वाट विचारणाऱ्याचा सोबती



माझी सारी मास्तरकी शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत गेली. परवां एक जुना विद्यार्थी घरीं आला आणि म्हणाला, "गुरुजी, ठाण्यास 'लाइफ कोच' म्हणून व्यवसाय करावा असें मनांत आहे. त्यांत पोट भरेल का, आणि मन भरेल का?" पोटाचा हिशेब मजपाशीं नव्हता. मनाविषयीं मात्र थोडें सांगण्यासारखें होतें.

'कोच' हें मूळचें हंगेरींतील एका खेड्याचें नांव. तेथील घोडागाड्या नांवाजलेल्या. त्यावरून गाडीसच तें नांव पडलें. पुढें १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी, परीक्षेंतून पार नेणाऱ्या खाजगी शिक्षकास थट्टेनें कोच म्हणूं लागले. आयुष्याचा कोच मात्र अलीकडचा. अमेरिकेंत थॉमस लिओनार्ड या गृहस्थानें १९९२ सालीं त्याची शाळा काढली व १९९५ सालीं आंतरराष्ट्रीय संघटना स्थापिली. आपल्या ठाण्यांत डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांचे सहकारी यांनीं १९९० सालीं मानसिक आरोग्याची संस्था उभारली. मुलांना व्यवसायांची ओळख करून देणारी त्यांची 'वेध' परिषद अनेकांस ठाऊक असेल.

गाडी नेते खरी, पण कोठें जावयाचें तें बसणारानें सांगावयाचें असतें. हें मला फार उशिरां उमगलें. मुरबाडकडील एका वाडीवरचा मुलगा दहावीस उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाला. मीं त्याच्या बापास सांगितलें, "यास विज्ञान शाखेस घाला." बापानें म्हशाच्या यात्रेंत बैलजोडी विकली आणि पोरास कल्याणास ठेविलें. दोन वर्षांनीं तो नापास होऊन परतला. मी समोरून येतांना दिसलों कीं तो बांध ओलांडून पलीकडे जाई. कित्येक वर्षांनंतर आसनगांव स्टेशनवर गांठ पडली, तेव्हां शांतपणें म्हणाला, "गुरुजी, मला इंजिनें दुरुस्त करावयाचीं होतीं. तुम्हीं बाबांना विचारलेंत, मला विचारलेंच नाहींत." ते बैल आजहि माझ्या डोळ्यांपुढें येतात.

तेव्हांपासून मी विचारूं लागलों, आणि विचारून झाल्यावर गप्प बसूं लागलों. मास्तराला याहून कठीण काम नाहीं! एक मुलगी बराच वेळ पदराशीं चाळा करीत बसली व मग म्हणाली कीं तिला परिचारिका व्हावयाचें आहे. मीं एवढेंच पुसलें, "उद्यां सकाळीं काय करशील?" ती म्हणाली, "जातीच्या दाखल्यासाठीं तहसील कचेरींत जाईन." माझें काम तेथें संपलें.

या धंद्यास आपल्या देशांत परवाना लागत नाहीं; पाटी लावली कीं झाला कोच! म्हणून आपली मर्यादा ज्याची त्यानेंच ओळखावी. ज्याची झोप उडाली, ज्याचें अन्नावरचें मन उडालें, जो मरणाच्या गोष्टी बोलूं लागला, त्यास उपदेश करूं नये, डॉक्टरांकडे न्यावें. सरकारनें २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सेवा चालविली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें. आणखी एक. तानसा व भातसा हीं धरणें शहापूर तालुक्यांत, पाणी जातें मुंबईस, आणि उन्हाळ्यांत आमच्या पाड्यांवरील बाया टँकरची वाट पाहत बसतात. अशा बाईस "विचार बदला, आयुष्य बदलेल" असें सांगणें हा तिचा अपमान होय. तिला टँकरचा अर्ज लिहून द्यावा.

फी घेण्यांत मला कांहीं गैर दिसत नाहीं, वैद्यहि घेतो. परंतु यशाची हमी देऊन फी घेणारा मला म्हशाच्या बाजारांतील दलालासारखा वाटतो. शिवाय काम चांगलें झालें कीं येणारा पुन्हां येत नाहीं, आणि त्याच्याबरोबर फीहि थांबते. मन भरण्याची जागा नेमकी तीच आहे. ज्यास हें सोसवत नाहीं त्यानें दुसरा धंदा पाहावा.

इतकें सारें मी त्या विद्यार्थ्यास ऐकविलें. मग ध्यानांत आलें कीं पुन्हां मीच बोलत सुटलों आहें. तेव्हां थांबलों व विचारलें, "तुला हें काम कां करावेंसें वाटतें?"

तो खालीं पाहूं लागला. चहा निवत चालला होता. मी कांहीं बोललों नाहीं.