यंत्राच्या हाती अवजार देताना



'एजंट' म्हटले की आपणांस विम्याचा माणूस आठवतो. आम्ही ज्या एजंटाविषयी बोलणार आहोत तो माणूस नव्हे. पण दुसऱ्याच्या वतीने खटपट करणे हा त्याचाही धर्मच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल एरवी मजकूर तेवढा लिहू जाणते. मग धरणाचा साठा पाहणे, गाडीत जागा आहे का विचारणे, ही कामे ते करते कसे? त्याच्यापुढे काही अवजारांची यादी मांडलेली असते. संगणकाच्या धंद्यातील मंडळी त्यांना 'टूल' म्हणतात. प्रत्येक टूलचे एक नाव, दोन-चार ओळींचे वर्णन आणि भरावयाचे रकाने, एवढेच त्या यादीत असते. मॉडेल ते वाचते, टूल निवडते आणि रकाने भरून देते. प्रत्यक्ष काम करून उत्तर आणून देणारा प्रोग्राम निराळा. जून 2023 मध्ये ओपनएआयने ही रीत आपल्या मॉडेलांसाठी खुली केली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने अशा जोडणीची एक सामाईक पद्धत जाहीर केली.

यातील मर्म असे की टूलच्या पोटात काय आहे हे मॉडेलला दिसत नाही. कचेरीत नवा आलेला कारकून अडला तर शेजारच्या टेबलावर विचारतो. याला शेजार नाही. आपण लिहिलेल्या चार ओळी हेच त्याचे सारे ज्ञान. आणि आपण त्या लिहितो कशा? जे आपणांस रोजचे आहे ते सर्वांसच ठाऊक असणार असे गृहीत धरून!

आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. या शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडीहून येते. समजा, कोणी एक टूल तयार केले आणि वर्णन लिहिले: 'जायकवाडीचा पाणीसाठा सांगते.' मराठी निर्दोष आहे. पण काम भागत नाही. नाथसागराचा एकूण साठा 2909 दशलक्ष घनमीटर. त्यांपैकी 738 मृत साठा, म्हणजे धरणाच्या दारांतून एरवी बाहेर न येणारा. उरलेला 2171 हा उपयुक्त साठा. आता टूलने '63 टक्के' असे उत्तर दिले, तर ते कशाचे? एकूण साठ्याचे असेल तर उपयुक्त साठा जेमतेम निम्मा आहे. उपयुक्त साठ्याचेच असेल तर पुष्कळ बरे चालले आहे. आणखी पुढे जा: उपयुक्त साठा शून्यावर आला, वर्तमानपत्रांत मोठे मथळे झळकले, तरी एकूण साठ्याच्या हिशोबाने धरण पंचवीस टक्के भरलेलेच राहील! मॉडेल बिचारे त्या पंचवीसवरून 'चिंतेचे कारण नाही' असे सांगून मोकळे होईल. आणि त्याच्या त्या गोड, आत्मविश्वासाच्या भाषेमुळे ऐकणाराही विश्वास ठेवील.

म्हणून वर्णन असे हवे: 'जायकवाडीचा उपयुक्त साठा, दशलक्ष घनमीटरांत आणि 2171 च्या टक्केवारीत. मृत साठा धरलेला नाही. नोंद ज्या दिवसाची व वेळेची, ती सोबत येते. शहरात नळाला पाणी कधी येणार हे यातून कळत नाही.' हे शेवटचे वाक्य आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. टूल काय करीत नाही हे लिहिण्याचा कंटाळा करतात, आणि नेमका तोच प्रश्न घरोघरी विचारला जातो.

विसर्गाचेही तसेच. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट; क्युमेक म्हणजे एक घनमीटर, म्हणजे पस्तीस पटींहून अधिक. नुसता '1000' हा आकडा गोदाकाठच्या माणसाला काय सांगणार?

नावाचा घोटाळा तर आपल्या दारातच उभा आहे. 2023 साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. रेल्वे स्थानकाचे नाव 2025 मध्ये बदलले. लोकांच्या तोंडी दोन्ही नावे आहेत, आणि बिहारात दुसरे औरंगाबाद आहेच. टूलच्या रकान्यावर फक्त 'शहर' असे लिहिले तर मॉडेल काय भरील याचा नेम नाही. तेथे 'राज्य व जिल्ह्यासह. जुने नाव आल्यास महाराष्ट्रातले की बिहारमधले ते आधी विचारावे' असे लिहिले की अर्धा गोंधळ मिटतो. तारखेचेही तेच: 5/6 म्हणजे आपल्याकडे पाच जून, अमेरिकेत सहा मे.

उत्तर न मिळाल्यास काय, हेही लिहावे लागते. नोंदच आली नसेल तर टूलने शून्य परत करू नये; 'आजची नोंद उपलब्ध नाही, कालची पाहा' असे शब्दांत सांगावे. शून्य साठा आणि अज्ञात साठा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आणि जे टूल नुसते पाहत नाही तर बदल घडविते, पैसे पाठविते, अर्ज रद्द करिते, त्यावर तसे ठळक लिहिले पाहिजे. मात्र केवळ लिहिण्यावर विसंबू नये. तेथे माणसाची संमती घेतल्याखेरीज प्रोग्रामनेच पुढे जाता कामा नये.

वर्णन लिहून झाले की ते, जायकवाडी कधी न पाहिलेल्या एखाद्या नागपूरकराला वाचावयास द्यावे आणि विचारावे, 'बाबा रे, उन्हाळाभर पाणी पुरेल का, यासाठी तू हे टूल वापरशील काय, आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावशील?' मग तोच प्रश्न मॉडेलला घालावा आणि त्याने कोणत्या रकान्यात काय भरले ते पाहावे. जेथे दोघेही अडखळतील, तेथली ओळ पुन्हा लिहावयाची.